कुंकू, उटणे व तेल : घरून निघालेला माल बाजारी धड पोचावा म्हणून

भिगवणच्या मासळी बाजारात सकाळच्या वेळी थोडा वेळ उभे राहिले, तर बांधणी कशाला म्हणतात ते कोणी न सांगता समजते. उजनीच्या पाण्यातून आलेली मासळी पेटीत भरताना तळाला बर्फ, त्यावर मासळी, पुन्हा बर्फ, असे थर लागतात आणि शेवटचा थर बर्फाचाच असतो. पेटीत पोकळी राहू देत नाहीत, कारण पोकळी राहिली की मासळी हलते, घासते आणि लवकर उतरते. इंदापूर भागातील डाळिंबाचा बागाईतदारही फळाचा आकार पाहून खोका निवडतो आणि मोकळ्या जागी कागदाच्या कातरणाची गादी करतो. नाशवंत मालाची बांधणी या भागाला नवी नाही. नवी आहे ती निराळ्याच मालाची बांधणी, आणि त्या मालाचा धनी बहुधा घरातील स्त्री असते.

महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत बचत गटांतील स्त्रिया उटणे, शिकेकाई, केसांचे तेल, साबण व कुंकू असा प्रसाधनाचा माल करू लागल्या आहेत. बारामतीच्या कृषी विकास संस्थेतर्फे पुण्यात भरणारी भीमथडी जत्रा किंवा मुंबईतील महालक्ष्मी सरस यांसारख्या प्रदर्शनांत असा माल मांडला जातो आणि शहरातील गिऱ्हाईक तो आवडीने घेते. मालाचा कस चांगला असतो. तक्रार येते ती निराळीच. बाटली पाझरली, उटण्याला गोळे आले, साबणाला पाणी सुटले, कुंकवाची पुडी फुटून सगळा खोका लाल झाला. माल घरी उत्तम होता आणि दुकानी पोचला तेव्हा नव्हता. मधल्या वाटेत काय झाले, हा प्रश्न ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेण्यासारखा आहे.

या प्रश्नातील पैशाची बाजू प्रथम पाहू. उदाहरणादाखल असे धरू, की तेलाची एक बाटली तयार होण्यास ८० रुपये खर्च येतो व दुकानदार तिचे ९० रुपये देतो. चोवीस बाटल्यांच्या खोक्यामागे गटाला २४० रुपये सुटतात. वाटेत दोन बाटल्या फुटल्या तर उरलेल्या बावीस बाटल्यांचे १,९८० रुपये येतात, खर्च मात्र १,९२० रुपये झालेला असतो. म्हणजे हाती राहिले ६० रुपये. तिसरी बाटली फुटली की ३० रुपयांची खोट बसते. फुटलेल्या बाटलीतील तेल शेजारच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर सांडून त्याही विकण्याजोग्या राहत नाहीत, तो तोटा या हिशेबात धरलेलाच नाही. चोवीसात तीन बाटल्यांनी सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि गटाचे भांडवल कर्जाऊ घेतलेले असले तर त्या तीन बाटल्यांचे व्याजही भरावे लागते.

केमचे कुंकू

भिगवणहून सोलापूरच्या बाजूस जाणाऱ्या लोहमार्गावर, करमाळा तालुक्यात, केम हे गाव लागते. हे गाव कुंकवाच्या उद्योगाकरिता महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पुढे भीमेच्या काठी पंढरपूर, जेथे कुंकू, बुक्का व अष्टगंध यांचा खप बाराही महिने असतो. तेव्हा या भागातील माणसाला कुंकवाच्या मालाचे शिक्षण घ्यायला दूर जाण्याचे कारण नाही.

पूर्वीच्या काळी कुंकू हळदीपासून होई. हळकुंडांना टाकणखार व लिंबाचा रस यांची पुटे देऊन ती वाळवीत आणि दळीत. हळदीतील कुर्कुमिन हे पिवळे द्रव्य अशा प्रक्रियेत लाल होते. हळदीच्या रंगाचा एक स्वभाव मात्र कायम राहतो, तो म्हणजे उजेडात उडण्याचा. हळदीने रंगवलेले कापड उन्हात वाळवले की फिके पडते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. हळदीचे कुंकू पारदर्शक पुडीत भरून दुकानाच्या दर्शनी काचेत टांगले, तर दर्शनी बाजूचा रंग काही काळाने उतरतो आणि मागील बाजूचा तसाच राहतो. गिऱ्हाइकाला वाटते की भेसळ आहे. जुन्या स्त्रियांच्या फणेरपेटीत कुंकवाचा करंडा झाकणाआड, अंधारात असे. त्यामागे सोय होती तसा अनुभवही होता. आज बाजारातील पुष्कळसे कुंकू निराळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असते. परंतु जो गट हळदीचे कुंकू करतो व तसे सांगून विकतो, त्याने ते अपारदर्शक वेष्टनातच भरावे. माल दिसावा अशी इच्छा असल्यास नमुन्याची एक उघडी डबी दुकानदाराकडे द्यावी आणि विक्रीच्या पुड्या झाकून ठेवाव्यात.

कुंकवाचा दुसरा शत्रू दमट हवा. येथे ऋतूची एक अडचण आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी आषाढात बारामती व इंदापूर तालुक्यांतून पंढरपुराकडे जाते. वारीच्या या दिवसांत कुंकू व बुक्का यांचा खप मोठा, आणि नेमके हेच दिवस पावसाचे. जो माल वैशाखात कोरडा भरला तो आषाढात उघड्या गाड्यांवर, भिजलेल्या ताडपत्रीखाली विकला जातो. म्हणून कुंकवाची पुडी उन्हाळ्यात भरताना पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून भरली पाहिजे.

पुडी फुटते ती बहुतेक वेळा मध्ये फाटून नव्हे, तर तोंडाशी उकलून. याचे कारण साधे आहे. कुंकू अतिशय बारीक असल्यामुळे भरताना त्याची धूळ पिशवीच्या तोंडाच्या आतील बाजूस चिकटते. सीलिंग यंत्राने तोंड दाबले की प्लास्टिक प्लास्टिकला चिकटण्याऐवजी मधल्या भुकटीला चिकटते. पाहताना जोड पक्का दिसतो, ओझे पडताच उकलतो. याकरिता लांब नळीचे नरसाळे वापरावे, नळीचे टोक पुडीच्या तळाशी न्यावे, भरत भरत वर आणावे, आणि दाबण्यापूर्वी तोंडाची आतील बाजू कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. जोडाची पट्टी बारीक रेघेसारखी न ठेवता चांगली रुंद ठेवावी. पुडीतील जास्तीची हवा हलक्या हाताने दाबून काढावी, कारण फुगलेली पुडी ओझ्याखाली फुग्यासारखी फुटते. एवढे करूनही एखादी पुडी फुटणारच, हे गृहीत धरून दर दहा-बारा पुड्यांची एक बाहेरची पिशवी करावी. मग एका पुडीचे नुकसान दहांपुरते राहते, शंभरांवर जात नाही. कुंकवाच्या बाबतीत हा नियम विशेष मोलाचा आहे, कारण सांडलेले धान्य गोळा करता येते, सांडलेले कुंकू येत नाही.

उटण्याचे गोळे व वास

उटण्याची मागणी दिवाळीपुरती, म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांची. ते दळले जाते भाद्रपद-आश्विनात, जेव्हा हवेतील ओल अजून गेलेली नसते. नागरमोथा, कचोरा, वाळा, आवळकाठी, गुलाबकळी, मसुरीचे पीठ अशा जिनसा यात असतात. यांपैकी काही जिनसा सुगंधासाठी, काही अंग स्वच्छ करण्यासाठी. मुळ्या व साली वरून कोरड्या दिसल्या तरी आत ओल धरून असतात. त्या दळण्यापूर्वी कडक उन्हात वाळवून, तोडून पाहाव्यात. कट्‌कन मोडली तर वाळली, वाकली तर नाही.

याहून अधिक नुकसान एका घाईमुळे होते. गिरणीतून आलेले पीठ गरम असते. ते गरम असतानाच पिशवीत भरून तोंड बंद केले, तर आत वाफ कोंडते, थंड झाल्यावर पिशवीच्या अंगाला दव धरते आणि तेथेच पहिला गोळा बनतो. पुढे तेथेच बुरशी येते. दळून आणलेले उटणे स्वच्छ कापडावर पातळ पसरून पूर्ण थंड होऊ द्यावे, मग चाळावे, मग भरावे. थंड करण्यात गेलेला अर्धा दिवस वाया जात नाही. मसुरीच्या पिठामुळे किडीचा संभव असतो, म्हणून भरण्याची जागा घरातील धान्याच्या कणग्यांपासून दूर असावी.

वेष्टन कोणते वापरावे याबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत. साधी पातळ पॉलिथिनची पिशवी पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवते, परंतु सुगंध अडवीत नाही. वाळ्याचा व कचोऱ्याचा वास अशा पिशवीतून हळूहळू निघून जातो. शेजारी साबण किंवा डासांची उदबत्ती ठेवलेली असली तर तिचा वास आत शिरतो. नुसता कागद वासही अडवीत नाही व ओलही अडवीत नाही. वास व ओल ही दोन्ही अडवण्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली पिशवी सर्वांत सरस ठरते. ती महाग असते हे खरे. ज्या गटाला ती परवडत नाही त्याने उटणे पिशवीत भरून ती पिशवी घट्ट झाकणाच्या डबीत किंवा जाड कागदी खोक्यात ठेवावी, आणि माल दिवाळीच्या फार आधी भरून ठेवू नये. चांगल्या वेष्टनात घातलेला जुना माल ताज्या मालाची बरोबरी करीत नाही.

वेष्टन ओल अडवते की नाही हे घरी पाहता येते. भरलेली पुडी बारीक वजनकाट्यावर तोलावी. एका पिंपात तळाशी थोडे पाणी घालून, पुडी पाण्याला न लागेल अशी दोरीने टांगावी व झाकण लावावे. आठ दिवसांनी पुडी वरून पुसून पुन्हा तोलावी. वजन वाढले असेल तर तेवढे पाणी आत गेले. दोन तऱ्हेच्या पिशव्या एकाच पिंपात टांगून पाहिल्या, तर कोणती घ्यावी याविषयी व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण राहत नाही.

तेल, बाटली आणि उंदीर

खोबरेल तेलाच्या बांधणीची एक हकीकत उद्योगाच्या इतिहासात नोंदलेली आहे. मुंबईच्या बाँबे ऑइल इंडस्ट्रीज या कंपनीचे पॅराशूट खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यांतून विकले जाई. १९८०च्या दशकात हर्ष मारीवाला यांच्या पुढाकाराने ते प्लास्टिकच्या बाटलीत आणण्याचे ठरले, कारण प्लास्टिक पत्र्यापेक्षा स्वस्त पडत होते. दुकानदार मात्र तयार होईनात. यापूर्वी कोणी एकाने चौकोनी प्लास्टिकच्या बाटल्यांत तेल आणले होते. त्या पाझरत, आणि तेलाच्या वासाने आलेले उंदीर त्या कुरतडीत, मग दुकानभर तेल होई. कंपनीने विचार केला की उंदराला दात रोवायला कोपरा लागतो. म्हणून बाटली गोल केली, आणि बाहेर तेलाचा थेंबही राहू नये अशी भरण्याची व झाकणाची व्यवस्था केली. मग पिंजऱ्यात उंदरांसोबत त्या बाटल्या काही दिवस ठेवून पाहिल्या. बाटल्या शाबूत राहिल्या, तेव्हा कोठे दुकानदारांची खात्री पटली.

ही हकीकत मोठ्या कंपनीची असली तरी तिच्यातील दोन्ही धडे घरगुती उद्योगाला जसेच्या तसे लागू पडतात. बाटली शक्य तर गोल घ्यावी. आणि भरल्यानंतर प्रत्येक बाटली बाहेरून, विशेषतः झाकणाच्या आट्यांखाली, कोरड्या फडक्याने पुसावी. बाटलीबाहेरचा थेंब उंदराला बोलावतो, धूळ धरतो आणि चिठ्ठीचा कागद तेलकट करतो.

बाटली काठोकाठ भरावी की थोडी रिकामी ठेवावी, यावर मतभेद असतो. तेलाला हवा लागली की ते खवट होते, म्हणून रिकामी जागा कमी असावी हे म्हणणे बरोबर आहे. परंतु तेल उष्णतेने फुगते हेही विसरून चालत नाही. पौषातील पहाटे २० अंशांवर भरलेली २०० मिलिलिटरची बाटली वैशाखात बंद मालमोटारीत ५० अंशांपर्यंत तापली, तर आतील तेल सुमारे ४ मिलिलिटरने वाढते. त्याला जागा नसेल तर ते झाकणातून वाट काढते. बाटलीच्या मानेइतकी जागा मोकळी ठेवली म्हणजे दोन्ही बाजू साधतात. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांखाली गोठते आणि गोठताना आकसते. म्हणून ते पूर्ण वितळल्यावरच मोजून भरावे, गोठलेले कधीही भरू नये.

उजेडाने तेल खवट होण्याचा वेग वाढतो. त्याकरिता तपकिरी काचेची बाटली चांगली, ती नसेल तर साध्या बाटलीला बाहेरून कागदी पुठ्ठ्याचा खोका द्यावा. तांब्याच्या किंवा गंजलेल्या लोखंडाच्या भांड्यात तेल साठवू नये. या धातूंचा अंश उतरला की तेल लवकर बिघडते. पाझर पाहण्याची रीत सोपी आहे. भरलेल्या बाटल्या जुन्या कागदावर आडव्या निजवून उन्हात दिवसभर व रात्रभर ठेवाव्यात. सकाळी कागदावर डाग दिसेल त्या बाटलीचे झाकण बदलावे. ही परीक्षा शंभरातील चारपाच बाटल्यांची न करता पहिल्या खेपेस सर्व बाटल्यांची करावी, कारण झाकणांचा दोष बहुधा साऱ्या मालाला लागलेला असतो.

साबणाबद्दल थोडे सांगितले तरी पुरे. घरी केलेली वडी पुरती वाळण्यास चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी ती प्लास्टिकमध्ये गुंडाळली तर आतील ओल निघू शकत नाही. वाळलेल्या वडीला कागदाचे वेष्टन द्यावे. साबणातील ग्लिसरीन पावसाळ्यात हवेतील पाणी ओढते आणि वडीवर थेंब येतात. तो साबणाचा बिघाड नव्हे. तरी गिऱ्हाइकाला बिघाडच वाटतो, म्हणून पावसाळ्यात विकायच्या वड्यांना कागदावरून घट्ट बसणारे दुसरे वेष्टन घालावे.

खोका

आतील वेष्टन मालाला सांभाळते, बाहेरचा खोका वेष्टनाला सांभाळतो. पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्याला व्यापारी तीन प्लाय, पाच प्लाय, सात प्लाय अशी नावे देतात. तीन प्लाय म्हणजे दोन सपाट कागदांमध्ये एक पन्हळी कागद. पाच प्लायमध्ये तीन सपाट व दोन पन्हळी. पुड्यांसारख्या हलक्या मालास तीन प्लाय पुरतो, काचेच्या बाटल्यांना पाच प्लाय घ्यावा. खोका उभा केला असता भिंतीतील पन्हळी उभ्या दिसल्या पाहिजेत. आडव्या पन्हळींचा खोका ओझ्याखाली लगेच बसतो. कित्येक वेळा स्वस्त म्हणून मिळणारा खोका असाच चुकीचा कापलेला असतो. घेताना कडेचा काप पाहिला की समजते.

१९९० नंतरच्या दशकात भिगवणजवळ कागदाचा कारखाना उभा राहिल्यापासून या भागातील लोकांना कागदाच्या जातींची ओळख झाली आहे. तरीही गुळगुळीत, चकचकीत कागद म्हणजे मजबूत कागद, अशी समजूत आढळते. चकचकीत लेप दिलेला कागद छपाईला उत्तम, म्हणून चिठ्ठी त्यावर छापावी. ओझे पेलण्याचे काम खरखरीत तपकिरी क्राफ्ट कागदाचे. त्याचे लांब धागे ताण सोसतात.

बाटल्या भरताना कोंबडीच्या अंड्यांच्या ट्रेकडे पाहावे. प्रत्येक अंड्याला आपला स्वतंत्र खण असतो आणि एक अंडे दुसऱ्याला शिवत नाही. बाटल्यांनाही पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचे खण करावेत, आणि पट्ट्यांची उंची बाटलीच्या खांद्याच्या वर असावी. कासार बांगड्या दोरीने घट्ट बांधून आणतो, सुट्या आणीत नाही. जे हलत नाही ते सहसा फुटत नाही. तळाशी व वर कागदाच्या कातरणाची गादी द्यावी. उसाचे पाचट या भागात मुबलक व फुकट मिळते, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. पाचटात ओल, धूळ व किडे असतात, आणि दुकानात खोका उघडताच त्याचा कचरा उटण्याच्या पुड्यांवर पडतो. पाचट शेतात कुजवावे, तेथे त्याचे मोल अधिक आहे. छापील वर्तमानपत्र गादीसाठी चालते, परंतु मालाला थेट लागू देऊ नये, कारण शाई उतरते.

खोक्याची तळाची व वरची बाजू चिकटपट्टीने बंद करताना मधल्या फटीवर एक पट्टी व दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक पट्टी लावावी. बाहेर बाण काढून वरची बाजू दाखवावी, बाटलीचे चित्र काढावे. हमालाला अक्षर वाचता आले नाही तरी चित्र समजते. त्याबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की ओझे भराभर उतरवताना चित्राकडे पाहण्यास हमालाला सवड नसते. खोका एकट्या माणसाला सहज उचलता येईल इतकाच जड असावा. जो खोका उचलवत नाही तो टाकला जातो.

नवा खोका ठरवताना एक परीक्षा करावी. माल भरून, बंद करून, तो कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकावा. एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर, असे दहा वेळा. ही रीत कारखान्यांतील परीक्षेसारखीच आहे. मग उघडून पाहावे. काय फुटले यापेक्षा कोठे फुटले ते लिहून ठेवावे. कोपऱ्यातील बाटल्या फुटल्या तर कडेची गादी कमी आहे, मधल्या फुटल्या तर खण सैल आहेत. परीक्षेत गेलेल्या दोनतीन बाटल्यांचा खर्च कोणाला जड वाटल्यास बाटल्यांत तेलाऐवजी पाणी भरावे. ज्यांचा व्यवहार वाढला आहे त्यांच्याकरिता मुंबईत अंधेरी येथे भारतीय पॅकेजिंग संस्था आहे. १९६६ साली स्थापन झालेल्या या संस्थेत खोक्यांची दाब, आदळ व हादरे यांविषयी शास्त्रीय तपासणी होते.

साठवण

माल घरातून लगेच निघत नाही. प्रदर्शन पुढे ढकलले जाते, दुकानदार नंतर या म्हणतो, आणि खोके पडवीत रचून ठेवले जातात. पुठ्ठ्याचा खोका दमट हवेत आपले बळ गमावतो. अगदी दमट दिवसांत त्याची ओझे पेलण्याची शक्ती कोरड्या दिवसांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर येते. शिवाय ओझे जितके दिवस राहील तितका खोका हळूहळू खचतो. मार्चमध्ये सहा थर पेलणारी रास ऑगस्टमध्ये तीन थरांवर आणावी. खोके फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावेत. रचताना कोपऱ्यावर कोपरा आणावा. विटांसारखे सांधे मोडून रचले की रास दिसायला भक्कम दिसते, परंतु खोक्याचे बळ त्याच्या चार कोपऱ्यांत असते आणि तेच पोकळ जागी येतात. पत्र्याच्या छपराखाली तेल व साबण ठेवू नये. खताच्या गोण्या, कीटकनाशके व रॉकेल ज्या खोलीत आहे त्या खोलीत यांपैकी काहीही ठेवू नये, मग ती खोली कितीही कोरडी असो.

चिठ्ठी व परवाना

अंगाला लावण्याचा माल विक्रीसाठी तयार करणे हा कायद्याने नियमित केलेला व्यवसाय आहे, हे कित्येक गटांना उशिरा कळते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे, आणि प्रसाधनांचे स्वतंत्र नियम २०२० साली झाले. त्यांनुसार विक्रीसाठी प्रसाधने तयार करण्यास राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आयुर्वेदिक म्हणून विकायच्या मालाचा परवाना निराळा असतो. चिठ्ठीवर मालाचे नाव, करणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, घटक, निव्वळ वजन किंवा माप, खेप क्रमांक, परवाना क्रमांक, तयार केल्याचा महिना व वर्ष, केव्हापर्यंत वापरावा, आणि सर्व करांसह कमाल किंमत हा मजकूर असावा लागतो. तक्रार कोणाकडे करावी तेही लिहावे लागते. रंगासाठी शिशाची किंवा सोमलाची संयुगे वापरण्यास मनाई आहे. कुंकवाचा रंग बाजारातून आणणाऱ्याने तो कशाचा आहे हे विचारून, लिहून घेऊनच आणावा.

खेप क्रमांक ही कागदी कटकट वाटते. प्रत्यक्षात तोच गटाच्या सर्वांत उपयोगी पडतो. एखाद्या पुडीत गोळा निघाला, तर खेप क्रमांकावरून ते उटणे कोणत्या दिवशी दळले, कोणी भरले व त्या दिवशीच्या आणखी किती पुड्या कोठे गेल्या हे सांगता येते. क्रमांक नसेल तर सारा माल परत बोलावावा लागतो.

प्रत्येक खोक्यात वरच्या गादीखाली एक पोस्टकार्ड ठेवावे. त्यावर गटाचा पत्ता आधीच लिहिलेला असावा आणि दुकानदाराने फक्त चार गोष्टी भरायच्या असाव्यात : खोका कोणत्या तारखेस पोचला, किती नग धड आले, किती फुटले वा पाझरले, आणि फुटलेले नग खोक्यात कोणत्या जागी होते. कार्ड परत आले की ते खेपांच्या वहीत चिकटवून ठेवावे, आणि पुढील खेपेचे खण व गाद्या कापावयास बसण्यापूर्वी ती वही उघडावी.